बाजार लाइनीत सुई मिळत नाही

पांढुर्ण्याच्या बाजार लाइनीला सिमेंटचा फुटपाथ झाला, तो शकुंतला नालीत पडली म्हणून. गाव ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगतं. एका लंगड्या बाईनं अर्ज केला आणि बघा, वरचे साहेब हलले. गावाचं कौतुक स्वस्त असतं. त्या फुटपाथावरून चालायचं कोणाला होतं, आणि चालत जाऊन आणायचं काय होतं, हे विचारायला गावातला एकही शहाणा पुढे आला नाही.

शकुंतला ही रामाजीची मोठी मुलगी. चार वर्षांची असताना तापानं तिचा डावा पाय गेला. पुढे तिला पाहायला कोणी आलं नाही, आणि कोणी यावं म्हणून घरच्यांनीही फार चपला झिजवल्या नाहीत. रामाजी जन्मभर दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागांत राबला, पण मरण्याआधी एक काम त्यानं अक्कलहुशारीनं केलं. बौद्ध वस्तीतलं राहतं घर धाकट्या वामनला दिलं, आणि बाजार लाइनीच्या तोंडाशी दोन खोल्या घेऊन तिथल्या ओसरीत शकुंतलेला शिलाईचं हातमशीन मांडून दिलं. "तुले गावात जाता येत नाही ना, तं तू गावातच बस," असं तो म्हणाला होता.

आणि ती बसली. वीस वर्षं बसली. तिच्या हातचा ब्लाउज बगलेत ओढत नाही, अशी तिगावापर्यंतच्या बायांमध्ये ख्याती होती.

बाजार लाइन या टोकापासून त्या टोकाच्या कडुलिंबापर्यंत दोनशे पावलांची. शकुंतलेला काठी टेकत एका दमात तेवढंच चालता येई, आणि गंमत अशी की तेवढ्यात तिचं सगळं भागे. चार पावलांवर मोरेश्वरचं सुई-दोऱ्याचं दुकान होतं. त्याला लागून चिंधू बसे. स्टोची पिन, पंपाचा वायसर, कंदिलाची काच, जे बिघडेल ते त्याच्याकडे. पुढे गुणवंताचा किराणा, जिथे चार आण्यांची हळदसुद्धा तोंड वाकडं न करता पुडीत बांधून मिळे. कडुलिंबाखाली कवडू चप्पल शिवायचा. शकुंतलेच्या एका चपलेला तो दर दोन महिन्यांनी जाड टाच ठोकून देई. ही दुकानं म्हणजे नालीवर फळ्या टाकून उभ्या केलेल्या टपऱ्या. मागे पैसेवाल्यांच्या पक्क्या इमारती, पुढे रस्ता, आणि मधल्या नालीवर हे चौघे. दिसायला लाइन ओंगळ होती, यात वाद नाही. पण सकाळी नवाला काठी घेऊन निघालेली बाई दहाला मीठ, वायसर, हुकांची पुडी आणि गावभरच्या बातम्या घेऊन घरी परतत असे, आणि तिला कोणाला 'जरा आणून देता का' म्हणावं लागत नसे. लंगड्या माणसाला हे केवढं असतं ते धडधाकट माणसाला सांगून कळत नाही.

मोरेश्वरची एक रीत होती. दोऱ्याचा रंग तो दुकानात बसून कधी जुळवत नसे. बाईनं ब्लाउजचं कापड पुढे केलं की ते घेऊन तो उन्हात जाई, पाच-सहा रिळं त्यावर आडवी ठेवी, डोळे बारीक करी आणि मग एक उचलून म्हणे, "हा घ्या. आता जा शकुबाईकडे." निम्मी गिऱ्हाइकं तिला अशी त्याच्या फळीवरून येत. तिला अख्खं रीळही घ्यावं लागत नसे. ती रिकामी बॉबिन पाठवी आणि तो हवा तेवढा दोरा गुंडाळून देई. दुपारी ऊन तापलं की तो बसल्या जागेवरून हाक मारी, "शकुबाई, पाणी आहे का वं?" ती माठातून तांब्या भरी, तो उंबऱ्याशी येई, उभ्यानं पिई आणि तांब्या तिच्या हातात देऊन जाई. पंधरा वर्षं हे असंच चाललं होतं, त्यामुळे त्याकडे तिनं कधी लक्षच दिलं नव्हतं. रोजची गोष्ट कोण बघतो?

चौऱ्याऐंशी सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी बाजार फुलला होता. मोरेश्वरनं बैलांचे गोंडे विकायला मांडले होते. मांडायला जागा पुरेना, म्हणून त्यानं नालीवरची एक फळी काढून दोन डब्यांवर आडवी टाकली आणि तिचा ओटा केला. शकुंतला नेहमीसारखी निघाली. वीस वर्षांच्या सवयीनं तिनं खाली न बघता पाय टाकला, आणि जिथे फळी असायची तिथे ती नव्हती. कमरेपर्यंत ती नालीत गेली. हातात एका बाईचं नवं मखमलीचं कापड होतं, तेही गेलं. काठी तरंगत पुढे निघाली.

लाइन हसली. भर बाजारात माणूस पडला की लोक हसतात, त्यात दुष्टपणा असतोच असं नाही. मोरेश्वरही हसला. आधी हसला, मग धावला. त्यानंच तिला काखेत हात घालून वर काढलं, बादलीभर पाण्यानं पाय धुतले, चिंधूला काठीमागे पळवलं, संध्याकाळी येऊन कापडाचे पैसे ठेवले आणि म्हणाला, "चुकलं माह्यं, शकुबाई. फळी काढाची नव्हती." तिला धावणं आठवत नव्हतं. हसणं आठवत होतं.

आता मोरेश्वर आणि चिंधू यांच्या टपऱ्यांच्या बरोबर मागे यशवंतरावांची नवी दुमजली इमारत उठत होती. यशवंतराव म्हणजे संत्र्याचे बडे व्यापारी. खाली शोरूम, वर लॉज असा त्यांचा बेत होता, आणि लाखभर रुपयांच्या दर्शनी भागापुढे गोंडे आणि कंदिलाच्या काचा लटकलेल्या होत्या. त्यांनी 'बाजार लाइन सुधार समिती' काढली होती आणि अध्यक्षही तेच झाले होते. पण टपरीवाल्यांनी वरच्या साहेबांकडे हात जोडून 'आम्ही गरीब, पोटावर पाय नका देऊ' असं सांगितलं होतं आणि प्रकरण अडकलं होतं. शकुंतलेचा भाऊ वामन यशवंतरावांच्या आडतीत लिखापढीचं काम करी. तो दोन दिवसांनी बहिणीकडे आला.

"ताई, तुले लागलं त्याचं काय?"

"काय असते त्याचं? सूज आहे. उतरन."

"मालक म्हणून राहिले होते, तू एक अर्ज दे. नाली झाकून फुटपाथ करून द्या म्हणून. शंभर जणाईचे अर्ज गेले तं फायलीत पडतात. तुह्या एका अर्जावर काम होते."

"माह्या अर्जावर?" तिला खरंच हसू आलं. "माह्यं कोण ऐकते रे?"

"पाय असा आहे म्हणून ऐकन," वामन म्हणाला. भाऊ असला तरी बोलायला तो जरा जाडच होता.

तिनं हो-नाही केलं. मग दुसऱ्या दिवशी स्वतः यशवंतराव आले. जीप ओसरीसमोर थांबली, पांढऱ्या धोतराचा सोगा सावरत ते आत आले आणि वामननं पुसून ठेवलेल्या खुर्चीवर बसले. गावात तिला लोक शकुबाई म्हणत, मागे 'लंगडी' म्हणत. ते म्हणाले, "शकुंतलाबाई, तब्येत कशी आहे आता?"

तिनं भीतभीतच विचारलं, "चहा घेता का, भाऊसाहेब?" विचारायचं म्हणून विचारलं. पाटलाकुणब्यांच्या मोठ्या घरचा माणूस आपल्याकडे चहा घेत नाही, 'आत्ताच झाला' म्हणतो, हे तिला जन्मापासून माहीत होतं.

"घेऊ ना," यशवंतराव म्हणाले.

तिच्या हातून चहात साखर जास्त पडली. त्यांनी कप घेतला, बशीत ओतला, फुंकर मारली आणि पूर्ण प्यायले, सगळ्या लाइनीच्या डोळ्यांदेखत. समोरच्या दुकानातले लोक बघत होते. शकुंतलेच्या मनात त्या क्षणी काय झालं ते तिला कोणाला सांगता आलं नसतं. बाप आठवला एवढं खरं. बापाला त्यांच्या बागेत पाणी ओंजळीत ओतून मिळायचं. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शिडी लागत नाही, एक कप चहा पुरतो.

"आता असं आहे," कप खाली ठेवत यशवंतराव म्हणाले, "टपऱ्या हटल्याबिगर नाली झाकता येत नाही."

"मोरेश्वरभाऊची भी?"

"पहिले त्याचीच. तुम्ही पडल्या कोठी?"

तिला ते हसणं पुन्हा ऐकू आलं. "त्याईच्या पोटाचं काय होईन पण?"

"स्टेशनापलीकडे पक्के गाळे देऊन राहिलो त्याईले. सिमेंटचे. शटरवाले. फायदाच आहे त्याईचा."

वामननं कागद पुढे ओढला. तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं. तिनं काय सांगितलं ते तिच्या चांगलं लक्षात होतं, कोणी फसवून लिहून घेतलं असं ती पुढे कधीही म्हणाली नाही. दुकानदारांनी रस्ता अडवला आहे. मोरेश्वर यानं फळी काढली. मी अपंग बाई नालीत पडले आणि दुकानदार मला हसले. शेवटचं वाक्य वामननं गाळलं होतं; तिनंच ते पुन्हा घालायला लावलं. खाली सही केली, मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची गोल, सावकाश सही.

गाळे बांधून होईपर्यंत वर्ष गेलं, मग साहेबांनी चौघा टपरीवाल्यांना समोर बसवून अर्ज वाचून दाखवला म्हणे. तो ऐकून चौघांनी जागा सोडायला मान डोलावली. धडधाकट व्यापाऱ्याशी भांडता येतं, पडलेल्या लंगड्या बाईशी काय भांडणार?

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर टपऱ्या उठल्या. मोरेश्वरनं एका दिवसात सामान हातगाडीवर भरलं. रिळांचे डबे, बटणांची पेटी, नाड्यांची बंडलं. दुपार झाली, ऊन चढलं. शकुंतला मशीनवर बसून होती, पण हात चालत नव्हता. तिनं तांब्या भरून उंबऱ्यावर आणून ठेवला. आत्ता हाक येईल, मग आपण काहीतरी बोलू, असं तिनं ठरवलं होतं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. हाक आली नाही. मोरेश्वर रस्ता ओलांडून हॉटेलच्या टाकीपाशी गेला, तिथे ओंजळीनं पाणी प्यायला, गाडीला हात लावला आणि निघून गेला.

जानेवारीत फुटपाथ झाला. फीत कापायला तिला बोलावलं. कात्री विसरली म्हणून तिचीच कापडाची कात्री आणली गेली. यशवंतरावांनी भाषणात तिचं नाव घेतलं, गळ्यात झेंडूचा हार घातला, आणि ती काठी टेकत कडुलिंबापर्यंत चालून गेली. फुटपाथ खरोखर सुंदर होता. खड्डा नाही, फळी नाही, पाण्याचा थेंब नाही. ती कडुलिंबाखाली पोचली. कवडूची जागा रिकामी होती, जमिनीवर टाच ठोकायच्या दोन बारीक चुका पडल्या होत्या. टाळ्या वाजल्या. मग ती परत आली, कारण तिथे थांबून करायचं काही नव्हतं.

त्यानंतर लाइन पालटली. यशवंतरावांच्या इमारतीत साड्यांचं शोरूम आलं, काचेचं दार आणि आत पंख्याखाली उभी बाहुली. शेजारी सोन्याचं दुकान. त्यापुढे व्हिडिओ कॅसेट भाड्यानं देणारा एक पोरगेला माणूस, दारावर रंगीत दिवे लावून बसलेला. नागपूरचे पाहुणे आले की म्हणत, पांढुर्णं सुधारलं. दिसायला सुधारलंच होतं. फक्त चार आण्यांची हळद हवी असलेल्या बाईला आता स्टेशनापलीकडे जायचं होतं, आणि स्टेशनापलीकडे ज्यांना चालत जाता येत होतं त्यांनासुद्धा ते एका पुडीसाठी परवडत नव्हतं. गाळ्यांकडे गिऱ्हाईक फिरकेना. गुणवंतानं किराणा बंद केला. कवडू सौंसरला बहिणीकडे गेला. मोरेश्वर गाळ्याला कुलूप लावून सायकलवर पेटी बांधून आठवडी बाजार करू लागला.

शकुंतलेचं मीठ-तेल वामन आठवड्यातून एकदा आणून देई, त्याच्या सोयीनं, त्याच्या पसंतीचं. चपलेची टाच झिजली ती झिजलीच. ती हळूहळू बाहेर पडेनाशी झाली. कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर ती म्हणाली असती, जाऊ कोठी? मोरेश्वरच्या फळीवरून येणारी गिऱ्हाइकं यायची थांबली, आणि शोरूमवाल्यानं मागच्या खोलीत स्वतःचा मास्तर बसवला.

शहाऐंशीच्या वैशाखात यशवंतरावांच्या मुलीचं, पुष्पाचं लग्न निघालं. त्यांची बायको कलाबाई हिनं सहा ब्लाउज शकुंतलेकडे पाठवले. 'आपलीच बाई आहे' असा निरोपही होता. शकुंतला हरखली. तीन महिन्यांत एवढं काम आलं नव्हतं, आणि हे ब्लाउज लग्नात शंभर बायांच्या डोळ्यांसमोर जाणार होते. हे चांगले झाले तर गिऱ्हाईक परत येईल, नाही तर मशीनवर कापड झाकून वामनच्या दारात जाऊन पडायचं, हा हिशेब तिच्यापुढे स्पष्ट होता. पाच झाले. सहावा शालूवरचा, पिवळा, भरगच्च जरीचा. तो त्याच संध्याकाळी हळदीला घालायचा होता. सकाळी अकराला, दुसऱ्या बाहीच्या काठावर, सुई जरीत अडकली आणि मोडली.

डब्यात दुसरी सुई नव्हती. सुया साठवून ठेवायची तिला सवयच नव्हती. चार पावलांवर मोरेश्वर असताना सुया कोण साठवतो? तो उठून गेला, पण तिच्या हाताची सवय उठून गेली नव्हती. होत्या त्या दोन सुया गेल्या महिन्यात संपल्या, आणि वामनला सांगायचं राहिलं. वामन त्या दिवशी मालकांच्या लग्नाचं सामान आणायला नागपूरला गेला होता.

तिनं काठी घेतली आणि निघाली. तो गुळगुळीत फुटपाथ तिनं त्या दिवशी खऱ्या अर्थानं पहिल्यांदा वापरला.

शोरूमच्या काचेच्या दारात तिनं विचारलं, "मशीनची सुई आहे का? मास्तरकडली एखादी उसनी द्या, उद्या वापस करतो."

"मास्तर जेवायला गेले. डब्याला कुलूप आहे," आतला माणूस म्हणाला. "इथे साड्या मिळतात, बाई."

सोन्याच्या दुकानात गादीवर बसलेल्या माणसानं आधी तिच्या पायाकडे आणि मग तोंडाकडे पाहिलं. "सुई तं नाही. नथ दाखवू का?" त्याला वाटलं आपण विनोद केला. कॅसेटवाल्याला तर सुई कुठे मिळते हेच ठाऊक नव्हतं. त्यानं टेपरेकॉर्डरचा आवाज थोडा कमी केला, एवढीच त्याची मदत. लाइनीत सोनं होतं, शालू होते, भाड्यानं सिनेमा होता. आठ आण्यांची ती वस्तू दोनशे पावलांत कोणाकडे नव्हती.

कडुलिंबाच्या पुढे वळणावर यशवंतरावांचं घर. मांडव पडला होता. शकुंतला मागच्या दारानं गेली. अंगणात चिंधू बसला होता. रात्रीसाठी गॅसबत्त्या दुरुस्त करायला त्याला बोलावलं होतं. त्यानं मान वर करून तिला पाहिलं आणि परत बत्तीत मान घातली.

कलाबाई लगबगीनं आली. "झाला का वं ब्लाउज?"

"एक बाही राह्यली, बाईसाहेब. सुई मोडली. जीप जराशी स्टेशनापलीकडे पाठवता का? चिंधूभाऊले ठाऊक आहे कोठी भेटते ते. अर्ध्या तासात करून देतो."

यशवंतराव ओसरीवर पाहुण्यांत बसले होते. त्यांनी ऐकलं. "एका सुईसाठी जीप?" ते म्हणाले, आणि पाहुणे हसले. "राहू दे. कापड पाठवून दे. शोरूमचा मास्तर करून टाकन."

"पण भाऊसाहेब, माप माह्याजवळ..."

"अवं, करन तो." त्यांनी घड्याळ पाहिलं. चहा पिताना तोंडी असलेली 'शकुंतलाबाई' आता कुठे गेली होती कोण जाणे. गरज सरो, वैद्य मरो.

"उन्हाची आली आहे, चहा घेऊन जाय," कलाबाई म्हणाली. वाईट बाई नव्हती ती. ट्रेमध्ये पाहुण्यांच्या फुलाफुलांच्या कपबशा भरून चालल्या होत्या. शकुंतलेला आतल्या बाईनं चहा आणून दिला तो न्हाणीघराच्या कोनाड्यातून काढलेल्या, कान तुटलेल्या कपात. बशी नव्हती. "झाला की इसळून तेथीच ठेवजा," ती म्हणाली.

यशवंतरावांनी ते पाहिलं. पाहिलं हे शकुंतलेनंही पाहिलं. मग ते पाहुण्यांशी संत्र्याच्या भावाचं बोलू लागले.

ती चहा प्यायली. न पिता ठेवून यायला हवं होतं, असं तिला पुढे शंभर वेळा वाटलं, पण त्या वेळी घसा कोरडा पडला होता आणि ती प्यायली. मग न्हाणीघराशी बसून तिनं कप विसळला आणि कोनाड्यात पालथा ठेवला. ठेवता ठेवता तिला तांब्या आठवला. पंधरा वर्षं एक कोष्टी माणूस भर रस्त्यात तिच्या उंबऱ्याशी उभा राहून तिच्या हातचं पाणी पीत होता. त्यासाठी तो कधी खुर्चीवर बसला नाही, त्याच्यासाठी कोणी जीप थांबवली नाही, आणि ती कधी हरखली नाही. यशवंतराव एकदा प्यायले आणि तिनं सही करून दिली. शकुंतलेला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती, नालीतून बाहेर निघाली त्या दिवशीसुद्धा नाही.

परतताना फुटपाथावर पाहुण्यांच्या जीपा आणि मोटारी ओळीनं उभ्या होत्या. ती खाली उतरून रस्त्यानं, ट्रकांच्या कडेकडेनं घरी आली. दाराशी शोरूमचा माणूस कापड न्यायला येऊन थांबलाच होता. तिनं अर्धी बाही टाचलेला पिवळा ब्लाउज घडी करून दिला आणि तयार झालेले पाचही दिले.

संध्याकाळी उन्हं उतरली तेव्हा ओसरीसमोर सायकल थांबली. मोरेश्वर होता. कॅरिअरला पेटी, हँडलला कॅनव्हासची पाण्याची छागल. तिगावचा बाजार करून आला होता. केस बरेच पिकले होते. तो सायकलवरून उतरला, पण उंबऱ्याशी आला नाही.

"चिंधू भेटला. म्हणे, शकुबाई सुई शोधून राहिल्या." त्यानं पेटी उघडून एक पुडी काढली. "चौदा नंबर. जरीले हेच लागते."

तिनं पुडी घेतली. कापड गेलं, आता सुई कशाला, हे तिनं सांगितलं नाही. "किती झाले?"

त्यानं किंमत सांगितली, तिनं पैसे दिले, त्यानं मोजून खिशात टाकले. पूर्वी तो मोजत नसे.

"भाऊ," ती म्हणाली. "तो अर्ज माह्याच होता."

"ठाऊक आहे. साहेबानं वाचून दाखवला ना."

"नाली झाकाची होती फक्त. म्हणजे... तसं नाही. राग होता माह्या मनात."

मोरेश्वरनं पेटीची कडी लावली, दोरी पुन्हा आवळली. "म्या हसलो होतो, हे खरं आहे," तो म्हणाला. "ते लिहिलं तुम्ही. बरोबर लिहिलं. म्या धावलो भी होतो. ते काही त्याच्यात नव्हतं."

ती वळली, आत गेली, माठातून तांब्या भरला आणि काठीशिवाय, भिंत धरत धरत उंबऱ्यापर्यंत आली. पाणी सांडून लुगडं भिजलं. "पाणी घ्या, मोरेश्वरभाऊ. तिगावाहून आले, ऊन लागलं असन."

त्यानं तांब्याकडे पाहिलं. मग हँडलवरच्या छागलीला हात लावला.

"आहे जवळ. आता घरूनच घेऊन निघतो."

रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्यानं ते साधेपणानं सांगितलं, सवय बदलली हे सांगावं तसं. टांग टाकून तो निघाला, जीपांच्या रांगेला वळसा घालून रस्त्यानं गेला आणि कडुलिंबापाशी वळला.

मांडवात वाजंत्री सुरू झाली होती. शकुंतलेनं तांब्या खाली ठेवला आणि पुडी उघडून पाहिली. आत दहा सुया होत्या. इतक्या सुया तिनं एका वेळी घरात कधी ठेवल्या नव्हत्या.